मनाउसमध्ये भेटलेलं 'जंगल'

मनाउसच्या बंदराजवळ पाट्या वाचत फिरताना एकच इंग्रजी शब्दजोड वारंवार दिसते : 'जंगल टूर'. ब्राझीलच्या आमेझोनास राज्याची ही राजधानी 20 लाखांहून अधिक वस्तीची. रबराच्या पैशावर 1896मध्ये सुरू झालेलं ऑपेरागृह इथलंच. पोर्तुगीज बोलणाऱ्या शहरात आपल्याकडचा शब्द भेटतो याचं आधी अप्रूप वाटतं. मग तो खटकू लागतो.

संस्कृतातलं 'जांगल' हे घनदाट अरण्य नव्हे. आयुर्वेदात देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत : जांगल, अनूप आणि साधारण. जांगल म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा मुलूख. अनूप म्हणजे पाणथळ, दाट. त्या हिशेबाने आमेझॉन अस्सल अनूप. आपल्या भाषांमधून इंग्रजीत आणि तिथून या पाटीपर्यंत येता येता शब्दाने अर्थाची कूस पालटली. शब्द असे पालटतातच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती या एका शब्दाखाली काय काय झाकलं जातं याची.

दोन दिवसांच्या सहलीची संहिता ठरलेली असते. रिओ नेग्रोचं काळं आणि सोलिमोएसचं गढूळ पाणी कित्येक किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहतं, ते पाहायचं. मग पिरान्याला गळ, रात्री बॅटरीच्या झोतात चमकणारे मगरीचे डोळे, झोळीत झोप. विशेषणही एकच : 'अस्पर्श'. आमचा वाटाड्या आमच्याशी इंग्रजीत बोलताना इमानेइतबारे 'जंगल' म्हणत होता. नावाड्याशी बोलताना मात्र तो शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. तिथे होतं 'इगापो', म्हणजे काळ्या पाण्याच्या नदीने बुडवलेलं रान. 'वार्झेया', गढूळ नदीचा गाळ खाणारं पूररान. 'तेरा फिर्मे', पुराच्या पलीकडची पक्की जमीन. आणि 'इगारापे', रानातून जाणारा अरुंद प्रवाह. इगापो आणि इगारापे हे तुपी भाषेतून पोर्तुगीजमध्ये आलेले. तांबाकी नावाचा मासा पुरात झाडांमध्ये शिरतो आणि रबराच्या बिया फोडून खातो, हे त्यानेच सांगितलं. नदी वर्षाकाठी दहाएक मीटर चढते-उतरते, तिथे मासा आणि झाड यांचा असा संबंध असणारच. 'जंगल' म्हटलं की हा संबंध दिसेनासा होतो, उरतो फक्त हिरवा पडदा.

प्रवासवर्णनांनी हा पडदा बाजूला करावा, ही माझी अपेक्षा. पण बहुतेक वर्णनांत वाटाड्या एखाद्या विनोदापुरता येतो. त्याची माहिती मात्र लेखकाच्या तोंडी, लेखकाच्याच निरीक्षणासारखी छापली जाते. ही साधी उचलेगिरी आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

म्हणून मनाउसला जाणाऱ्याने माहितीपुस्तिकेआधी मिल्टन हातूम वाचावा. लेबनीज वंशाचा हा लेखक 1952 साली मनाउसमध्येच जन्मला. त्याच्या 'दोइस इर्मांउस' (2000) या कादंबरीत एका लेबनीज कुटुंबातल्या जुळ्या भावांचं वैर आहे. ते सांगतो नाएल, घरातल्या मोलकरणीचा, दोमिंगासचा मुलगा. ती मूळनिवासी, लहानपणीच रानातल्या गावाहून शहरात आणलेली. बाप त्या दोघांपैकी कोण, हे त्याला ठाऊक नाही. परसातल्या खोलीत राहणारा हा मुलगा घराची गोष्ट सांगतो, म्हणून ती खरी वाटते. नदीवर तरंगणाऱ्या लाकडी घरांची वस्ती, तिचं पाडलं जाणं, हेही त्यात येतं. अस्पर्श असं या शहराभोवती काहीच नाही, हे समजायला एवढं पुरे.

ही कादंबरी मराठीत करायची तर 'इगारापे'चं काय करायचं? 'ओढा' म्हणून भागत नाही. ओढा आपण उडी मारून किंवा पाय भिजवून ओलांडतो. तुपीमध्ये या शब्दाचा अर्थ होडीची वाट. मी तर 'इगारापे'च ठेवीन, आणि पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच एक होडी घालीन.