‘लिली एल्बे’ : वेष आणि वाणी

स्त्रीचें दुःख पुरुषाच्या कंठांतून ऐकण्याची संवय मराठी प्रेक्षकाला पूर्वीपासून आहे. १९१९ सालीं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला तेव्हां बालगंधर्वांच्या सिंधूबरोबर डोळे पुसणाऱ्यांना ती सिंधू पुरुष आहे हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. ठाऊक असूनहि अश्रु खरे होते. म्हणून ‘लिली एल्बे’ या नव्या ऑपेराकडे, म्हणजे पाश्चात्य संगीत नाटकाकडे, आपण केवळ परक्याच्या कुतूहलानें पाहण्याचें कारण नाहीं. अमेरिकन स्वरकार टोबायस पिकर यांनीं आर्ये लेव्ह स्टोलमन यांच्या संहितेवर रचलेली ही कृति ऑक्टोबर २०२३ मध्यें स्वित्झर्लंडांतील सेंट गालेन येथें प्रथम रंगभूमीवर आली.

कथानक इतिहासांतलें आहे. १८८२ सालीं डेन्मार्कमध्यें जन्मलेला आयनार वेगेनर हा निसर्गचित्रकार. पत्नी गेर्डा हीहि चित्रकार. एकदां गेर्डाच्या चित्रासाठीं बसणारी नटी आली नाहीं, म्हणून आयनारनें स्त्रीवेष केला. आणि थट्टेनें केलेल्या त्या वेषांत त्याला स्वतःची ओळख पटली, असें लिलीच्या आत्मकथेंत सांगितलें आहे. पुढें पॅरिसमध्यें हीच लिली गेर्डाच्या चित्रांतून लोकांसमोर आली. १९३० पासून बर्लिन व ड्रेस्डेन येथें तिच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. डेन्मार्कच्या राजानें तो विवाह रद्द ठरविला. ड्रेस्डेनमधून वाहणाऱ्या एल्बे नदीचें नांव तिनें घेतलें. आणि सप्टेंबर १९३१ मध्यें, शेवटच्या शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या ४८ व्या वर्षीं तिचा अंत झाला.

या नायिकेला स्वरकारानें कोणता आवाज दिला? बॅरिटोन, म्हणजे पुरुषांचा भारदस्त मध्यम आवाज. ही भूमिका प्रथम गाणाऱ्या लुसिया लुकास स्वतः लिलीच्याच वाटेनें गेलेल्या आहेत. तारुण्यांत एकदां फुटलेला आवाज औषधांनीं पुन्हां बारीक होत नाहीं. स्त्री म्हणून जगूं लागल्यावरहि तो खोलच राहतो. ऑपेराच्या परंपरेंत स्त्रियांनीं तरुण पुरुषांच्या भूमिका गाइल्या आहेत. मोझार्टच्या ‘फिगारो’तील केरुबिनो हें प्रसिद्ध उदाहरण. परंतु तेथें आवाज व वेष यांचा विसंवाद हा खेळ असतो. येथें तो खेळ नाहीं. बालगंधर्व शालू उतरवून नारायणराव होत. लिलीच्या बाबतींत पुरुषाचा पोशाख हेंच सोंग होतें, व तें तिला जन्मभर पुरेना. हा खोल आवाज लपविण्याऐवजीं तोच स्त्रीचा आवाज म्हणून प्रेक्षकाच्या कानीं घालावा, यांत या कृतीचें खरें धैर्य आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. अभिनय म्हणजेच परकायाप्रवेश. मग ही भूमिका अशाच व्यक्तीनें कां करावी? याच कथेवरील २०१५ च्या ‘द डॅनिश गर्ल’ या चित्रपटांत एडी रेडमेन यांनीं लिली रंगविली. पुढें २०२१ मध्यें ती भूमिका स्वीकारणें ही चूक होती असें त्यांनींच म्हटलें. आमच्या मतें या आक्षेपाचें उत्तर आपल्याच रंगभूमीनें देऊन ठेवलें आहे. स्त्रीपार्टी नटांचें कौशल्य कमी होतें म्हणून हिराबाई बडोदेकर रंगभूमीवर आल्या नाहींत. जिची कथा तिला रंगभूमीचें दार बंद, आणि तिचें सोंग घेणाऱ्याला टाळ्या, ही व्यवस्था न्यायाची नव्हती, इतकेंच. नटाला सर्व भूमिका मोकळ्या असाव्या. पण ज्यांच्या जीवनाची भूमिका आहे त्यांनाहि त्या मोकळ्या झाल्यावरच हा नियम खरा ठरतो.

एक भय मात्र आम्हांस वाटतें. ऑपेराला नायिकेच्या मरणाची फार आवड. ‘ला त्राव्हियाता’ची व्हिओलेत्ता काय, ‘ला बोएम’ची मिमी काय, गात गातच प्राण सोडतात, आणि प्रेक्षक रडून मोकळा होतो. लिलीचें मरणहि या मालिकेंत सहज बसेल. मग ती धाडसाची शिक्षा भोगणारी एक अभागिनी एवढीच उरेल. तें टाळावयाचें तर या कथेचा तोल गेर्डावर राखला पाहिजे. जिच्या कुंचल्यानें पति हळूहळू नाहींसा होत गेला आणि तरीहि जिनें कुंचला खालीं ठेवला नाहीं, त्या पत्नीचें प्रेम हाच या कथेंतील सर्वांत अवघड राग आहे. चित्रकर्त्रीनें लिलीला रूप दिलें. नव्वद वर्षांनंतर संगीतानें तिला आवाज दिला. हा आवाज आरंभीं कानाला खटकेल. पण सिंधूकरितां रडलेल्या घराण्यांच्या वारसांनीं तेवढ्यावरून उठून जाऊं नये.