शपथा, एक पत्र आणि एर्मेंगार्ड

‘माझ्या विषयावर डेटाच नाही’ या चिंतेत असाल, तर फ्रेडरिक शेयेट यांचं ‘एर्मेंगार्ड ऑफ नार्बोन अँड द वर्ल्ड ऑफ द ट्रुबाडूर्स’ (२००१) वाचा. आपण विज्ञानवाले, पुस्तक इतिहासाचं; असू दे.

एर्मेंगार्ड दक्षिण फ्रान्समधल्या नार्बोनची शासक. वडील ११३४ साली फ्रागाच्या लढाईत पडले तेव्हा ती लहान मुलगी होती. पुढे तुलूझच्या काउंटने शहर बळकावलं आणि ११४२ मध्ये तिच्याशी लग्नाचा करारही केला. शेजारच्या सरदारांना ते कसं परवडणार? त्यांनी युद्ध करून काउंटला हरवलं, आणि ११४३ मध्ये तिचं लग्न आंदूझच्या बर्नार्डशी झालं. हे नवरोजी पुढे कारभारात जवळपास दिसतच नाहीत. मूल नव्हतं, म्हणून वारसा बहिणीच्या मुलांकडे गेला. राज्य मात्र तिने जवळजवळ पन्नास वर्षं केलं.

आता अडचण बघा. तिची रोजनिशी नाही, आत्मकथन नाही. मग शेयेट सरदारांच्या निष्ठेच्या शपथा वाचायला घेतात. मजकूर ठरावीक, कंटाळवाणा, लॅटिनमध्ये मध्येच स्थानिक ऑक्सितान भाषा. पण शपथ घेणारा स्वतःची ओळख आईच्या नावाने देतो! एका शपथेवरून काहीच सांगता येत नाही. ढीगभर शेजारी ठेवल्या की सत्ता कशी चालायची ते दिसायला लागतं. याला मी डेटा वाचणं म्हणते.

११६४ च्या सुमाराचं सातव्या लुईचं पत्रही असंच. बाईने न्यायनिवाडा करू नये, असा रोमन कायद्याचा आधार एका सरदाराने पुढे केला होता. राजाने कळवलं की आमच्या राज्याचा रिवाज उदार आहे, तुम्ही निवाडे करा. बायका निवाडे करत होत्या, आणि त्याला आक्षेपही घेतला जात होता. दोन्ही गोष्टी एकाच कागदात.

माझी तक्रार दोन ठिकाणी आहे. मधल्या प्रकरणांत शहर, शेती, व्यापार येतात आणि एर्मेंगार्ड पानंच्या पानं गायब होते. चरित्र म्हणून हातात घेतलंत तर वैतागाल. दुसरं, ट्रुबाडूर कवींची स्तुती. दरबाराशी नातं असलेल्या कवीने मालकिणीची स्तुती करणं हा त्या काव्यप्रकाराचा भागच, त्यामुळे शपथेइतकं वजन मी तिला देणार नाही. ऑर्कनीच्या सागेत तर ११५० च्या दशकात ती नुकतेच वडील गेलेली, लग्नाची मुलगी आहे. तोवर वडील जाऊन सतरा-अठरा वर्षं झाली होती आणि लग्नही झालं होतं. कथा छानच आहे, पण कागद तिच्या बाजूने नाहीत.

पुस्तक जाडजूड आहे. वेळ नसेल तर शपथांचा भाग आधी वाचा, कवींचा नंतर.