‘दयामरण’ : एका संज्ञेची चिकित्सा

मरणासन्न रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवावेत काय, याविषयी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दोनदा लोकमत मागविले : २०१६ मध्ये विधेयकाच्या मसुद्यावर व २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचनांच्या मसुद्यावर. हे मसुदे इंग्रजीत होते. परभणी जिल्ह्यातील मराठी वाचकापुढे मात्र हा विषय येतो तो ‘दयामरण’ किंवा ‘इच्छामरण’ या नावाने. प्रश्नाचे नावच चुकले, तर मिळणारे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे असते. म्हणून या संज्ञांची चिकित्सा अगत्याची होय.

‘दया’ ही देणाऱ्याची वृत्ती आहे. तिच्यात रुग्ण हा कर्ता उरत नाही. १९७३ मधील हल्ल्यानंतर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात खिळून राहिलेल्या अरुणा शानबाग यांचे प्रकरण याची साक्ष देते. त्यांचे अन्न थांबवावे, अशी याचिका पिंकी विराणी यांनी केली. सेवा करणाऱ्या परिचारिकांनी तीस विरोध केला. दोन्ही पक्ष करुणेनेच बोलत होते. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, तरी कठोर अटींवर उपचार थांबविण्यास तत्त्वतः मान्यता दिली. खुद्द अरुणाबाईंची इच्छा मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. करुणेच्या या वादात तीच अनुत्तरित राहिली.

‘इच्छामरण’ ही संज्ञा इच्छेला स्थान देते. पण तिच्यामागे भीष्मांचे वरदान उभे आहे. मृत्यूची घटिका निवडणे निराळे आणि नको असलेला उपचार नाकारणे निराळे. ९ मार्च २०१८ च्या निर्णयाने संविधानाच्या २१ व्या कलमाखाली मान्य केला तो दुसरा हक्क. औषध टोचून प्राण घेण्यास त्यात अनुमती नाही. २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ झाली. पूर्वनिर्देश नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतो. दुसऱ्या वैद्यकीय मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. म्हणजे कार्यपद्धती जिल्ह्यापर्यंत पोचली, तिचे यथार्थ नाव पोचले नाही.

रूढ शब्द बदलणे हा पांडित्याचा हव्यास आहे, असा आक्षेप येईल. तथापि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१८ मध्येच ‘निष्क्रिय दयामरण’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा त्याज्य ठरविली. मराठीत दोन शब्दांची गरज आहे : रुग्णाने स्वतः निर्णय केला असेल तेथे ‘उपचारनकार’, आणि त्याच्या वतीने इतरांना करावा लागेल तेथे ‘उपचारविराम’. एकात संमती आहे, दुसऱ्यात जबाबदारी. हा भेद झाकणाऱ्या शब्दांवर घेतलेले लोकमत कितीही मोठे असले, तरी ते प्रमाण मानता येणार नाही.