आन्ड्रेथचं म्हणणं

टॉल्किनच्या परीकथा आपल्याला काय करायच्यात, असं आपल्यातलेच काही विचारतात. मी म्हणते, वाचा. पण आर्वेनच्या प्रेमात पडून वाचू नका. थिंगोल राजावर नजर ठेवून वाचा.

टॉल्किनच्या दुनियेत एल्फ म्हणजे न मरणारे लोक. त्यांना म्हातारपण नाही, रोगराई नाही. माणूस मात्र मरतो. हे मरण निर्मात्याने माणसाला दिलेली देणगी आहे, असं सांगतात कोण? तर ज्यांना मरायचं नाही ते! 'सिल्मारिलियन'मध्ये (१९७७) एल्फांनी माणसांना ठेवलेली नावं आहेत: मागून आलेले, रोगट, परके, बळकावणारे, जड हाताचे, रात्रीला भिणारे. दुसऱ्याने ठेवलेलं नाव वागवणं काय असतं, ते मित्रांनो, तुम्हाला सांगायला नको.

थिंगोलची पोरगी लूथिएन एका मर्त्यावर, बेरेनवर, जीव लावते. राजाने आधीच हुकूम काढलेला असतो की माझ्या राज्यात माणसाने पाऊल टाकायचं नाही. आता तो बेरेनला अट घालतो, मॉर्गोथच्या लोखंडी मुकुटातलं रत्न आणून दे. म्हणजे सरळ भाषेत, जा आणि मर. रत्नासकट बेरेनचा हात लांडगा तोडतो. तो थोटा हात समोर आला तेव्हा कुठे सासरा विरघळला. आणि ह्या थिंगोलची स्वतःची बायको कोण? मेलियन. ती एल्फसुद्धा नाही, देवांच्या गोतातली, त्याच्याहून वरची! त्याने वरची केली ते चाललं. पोरीने खालचा पसंत केला की आभाळ कोसळलं. आर्वेनचा बाप एलरॉन्डही तसाच. त्याचा आजा माणसाचा, तरी जावयाने आधी दोन राज्यांचा राजा व्हायचं.

खुद्द टॉल्किनने १९५४ च्या एका पत्रात लिहून ठेवलंय की शरीराच्या हिशेबाने एल्फ आणि माणूस एकाच वंशाचे, नाहीतर त्यांना मुलंबाळं झाली नसती. बाबासाहेबांनी १९३६ च्या, करू न दिलेल्या भाषणात जातीबद्दल हेच मांडलं: एकाच वंशाच्या लोकांची ही वाटणी आहे, आणि खरा उपाय आंतरजातीय लग्न.

तरी एल्फ म्हणजे सवर्ण, असं म्हणून मोकळे होऊ नका. जात माणसाने केली. इथलं मरण खरं आहे. आर्वेन खरोखर मरते, टेकडीवर, एकटी. टॉल्किन नुसता गोष्टी रचत नव्हता. एडिथला एकवीस वर्षांचा होईपर्यंत भेटायचं नाही, अशी बंदी त्याच्या पालकाने घातली होती. ऑक्सफर्डला त्या दोघांच्या थडग्यावर लूथिएन आणि बेरेन ही नावं कोरलेली आहेत.

मला खटकतं ते वेगळंच. गाजलेल्या ह्या जोड्यांत पुरुष मर्त्य आणि बाई एल्फ. पुरुषही कुणी सोम्यागोम्या नाही, मोठ्या घराण्यातला. उलटी जोडी आन्ड्रेथची. ती मर्त्य, आयग्नोर एल्फ. त्याचंही तिच्यावर प्रेम आहे, दुसरी तो कधी करणार नाही. पण हिच्याशी लग्नही करत नाही. ती म्हातारी झाल्यावर त्याचा भाऊ फिनरॉड तिची समजूत घालायला बसतो: लढाईचे दिवस आहेत, अशा काळात आमच्यात लग्नं होत नाहीत, तरुणपणीची तुझी आठवण तो जपून ठेवील.

फिनरॉड सज्जन आहे, माणसांचा मित्र आहे. अशा सज्जनाशी भांडणं फार अवघड! आन्ड्रेथ भांडते. एका दिवसाच्या सोबतीसाठी तिने सगळं दिलं असतं. म्हातारपणी ती त्याच्यामागे लंगडत फिरली नसती, तेवढा मान तिला होता. आणि मरणाची देणगीबिणगी ती मानतच नाही. आमची शहाणी माणसं सांगत आलीत, मरण आमच्या स्वभावात नव्हतं, ते आमच्यावर लादलं गेलं, असं ती तोंडावर सांगते. फिनरॉड हादरतो. अख्ख्या टॉल्किनमध्ये एल्फाला असं ऐकवणारं दुसरं माणूस मला सापडलं नाही.

हा संवाद छापून आला १९९३ मध्ये, टॉल्किन जाऊन वीस वर्षं झाल्यावर, 'मॉर्गोथ्स रिंग' नावाच्या जाडजूड खंडात. सिनेमात तो नाही. त्याच्या शेवटी फिनरॉड तिला म्हणतो, तू जाशील तिथे आमची वाट बघ. ती काय म्हणाली, ते टॉल्किनने लिहिलेलं नाही.