गोधडीतून निघालेली वाट

सोनिया देलोने या चित्रकर्तीचे गुणगान करताना समीक्षक तिच्या चित्रांना पाटावर बसवतात आणि कापडांना ओसरीवर. हा पंक्तिप्रपंच मला पटत नाही. युक्रेनमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसला घर केलेल्या या बाईने १९११ साली तान्ह्या मुलासाठी चिंध्यांची गोधडी शिवली. एका रंगाशेजारी दुसरा ठेवला की दोघांचेही तेज पालटते, हे त्या तुकड्यांनी तिला दाखविले. १९१३ साली तिने तोच न्याय झग्याला लावला. पुढे छापील कापडाला, गालिच्याला, एवढेच काय, मोटारीलाही!

तिचे कपडे बहुधा धनिकांच्याच अंगी लागले, हे उणे खरेच. पण नक्षीबरोबर बेतण्याच्या रेषाही कापडावर छापाव्यात, म्हणजे घेणारीला ते घरीच शिवता येईल, ही युक्तीही तिचीच. तिचे मोठेपण मला इथे दिसते. १९६४ साली लूव्रमध्ये तिचे प्रदर्शन भरले. हयातीत हा मान मिळालेली ती पहिली स्त्री-चित्रकार. आणि ती गोधडी? ती आज पॅरिसच्या कलासंग्रहालयात आहे.

वाचकहो, दिवाळीच्या साडीला साजेसा खण निवडणारी गृहिणीही रंगांचाच विचार करीत असते. त्या विचाराला कलेच्या पंगतीत खालचे पान कशाला?