गुरूला कथेबाहेर नेण्याच्या रीती

जपानमध्ये मंगा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रकथा आणि त्यांवर बेतलेल्या चलच्चित्रमालिका, म्हणजे ॲनिमे, यांपैकी ज्या वर्षानुवर्षे चालतात त्यांमध्ये नायकाला घडवणारा गुरू बहुधा मरतो, आणि तो केव्हा मरणार याचा अंदाज सराईत वाचकाला बराच आधी आलेला असतो. गुरू गेल्याखेरीज शिष्य मोठा होत नाही, असे या संकेताचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. कारण कथेला खरोखर हवी असते ती गुरूची अनुपस्थिती, आणि ती घडवून आणण्याच्या रीतींपैकी मृत्यू ही सर्वांत सोपी, म्हणूनच सर्वांत झिजलेली रीत आहे. नांदेड जिल्ह्यातील माहूर या एकाच क्षेत्राभोवती रचल्या गेलेल्या कथांमध्ये यांतल्या दोन अगदी भिन्न रीती शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे मंगाचे मूल्यमापन करताना माहूरचा आधार घेणे वरवर वाटते तितके दूरान्वयाचे नाही.

मंगाच्या बाबतीत प्रथम तिचा छापखाना पाहावा लागतो. १९६८ मध्ये निघालेल्या आणि पुढल्याच वर्षी साप्ताहिक झालेल्या ‘शोनेन जंप’ या किशोरांसाठीच्या नियतकालिकात प्रत्येक कथेचे सुमारे वीस पानांचे प्रकरण दर आठवड्याला येते, वाचक आपली पसंती पोस्टकार्डावर कळवतात, आणि त्या पसंतीत सतत मागे पडणारी कथा बंद होते. लेखकाला शेवट ठाऊक असला तरी तो कधी येईल हे ठाऊक नसते, नायकाचे बळ मात्र पायरीपायरीने वाढवत न्यावे लागते, आणि त्याच्याहून बलवान गुरू हयात असेपर्यंत प्रत्येक नव्या संकटात ‘मग गुरूच का लढत नाही’ हा अडचणीचा प्रश्न उभा राहतो. गुरूला मारले की तो प्रश्न मिटतो, नव्या शत्रूचे सामर्थ्य वेगळे सांगावे लागत नाही आणि पुढच्या कित्येक प्रकरणांना पुरेल इतका सूड हाती येतो. अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’मध्ये (१९८४–१९९५) नायकाचा वृद्ध गुरू पिकोलो या शत्रूला कोंडण्याच्या प्रयत्नात मरतो आणि नंतर जादूच्या गोळ्यांच्या बळावर परत येतो, पुढे अशी पुनरुज्जीवने इतकी वाढत गेली की त्या कथेत मृत्यूला वजनच उरले नाही.

माहूरच्या स्थानकथेत सूड आहेच. कामधेनूच्या लोभातून जमदग्नीचा वध होतो आणि परशुराम एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करतो. इतकीच कथा असती तर ती शोनेन, म्हणजे किशोरांसाठीच्या, मंगाच्या साच्यात जशीच्या तशी बसली असती. (जमदग्नी पिता आहे हे खरे, परंतु ज्याच्या आज्ञेवरून मुलगा आईचे मस्तक उतरवतो आणि ज्याच्याच वराने ती पुन्हा उठते, त्याचा अधिकार गुरूचाही आहे.) माहूरची परंपरा मात्र सुडाच्या आधी एक लांब थांबा घेते. परशुराम कावडीच्या एका पारड्यात पित्याचे कलेवर आणि दुसऱ्यात आई रेणुकेला घेऊन, जिथे पूर्वी कोणाचेही दहन झालेले नाही अशी कोरी भूमी शोधत रानोमाळ हिंडतो. ती माहूरला सापडते, दत्तात्रेय त्या अंत्यविधीचे आचार्य होतात, परशुरामाच्या बाणाने निघालेल्या पाण्याला मातृतीर्थ हे नाव मिळते आणि रेणुका सती जाते. शोकाने व्याकूळ झालेल्या मुलाला आकाशवाणी सांगते की आई भूमीतून प्रकट होईल, परंतु त्याने मागे वळून पाहू नये. तो पाहतो, आणि तोवर केवळ मुखच वर आलेले असते. गडावर आजही पूजा होते ती त्या मुखाच्या तांदळ्याची.

कथारचनेच्या दृष्टीने या प्रसंगाची योग्यता असामान्य आहे, कारण हाती परशू असलेल्या शिष्याला येथे आधी क्रियाकर्माला बसवले जाते, शोकाला श्रमाचे रूप दिले जाते, आणि त्याच्या अधीरपणाची किंमतही लगेच वसूल होते. शिवाय गेलेल्या गुरूची जागा रिकामी राहत नाही. ‘त्रिपुरारहस्य’ या संस्कृत ग्रंथाची मांडणीच दत्तात्रेयांनी परशुरामाला केलेल्या उपदेशाची आहे. पुढे महाभारतात परशुराम स्वतः गुरू होतो, आणि तोही चिरंजीव. जो गुरू मरतच नाही त्याच्या कथेत शिष्याचे बळ दुसरीकडून छाटावे लागते, असे कर्णाला मिळालेल्या शापावरून दिसते.

दुसरी रीत दत्तात्रेयांची. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा आणि माहूरला निद्रा असा त्यांचा दिनक्रम परंपरा सांगते. हा गुरू कधीच जात नाही, परंतु कोणाला सहजासहजी सापडतही नाही. महानुभाव पंथाच्या पाच अवतारांतही ते आहेत, आणि त्याच पाचांतल्या चांगदेव राऊळांना माहूरच्या डोंगरात त्यांनी वाघाच्या रूपात दर्शन देऊन शक्ती दिली, असे त्या पंथात मानतात. याच पंथात त्याचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर शिष्यांनी जे केले ते या विषयात सर्वांत बोलके आहे. म्हाइंभटांनी ज्याच्याकडे जी आठवण होती ती विचारून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि नागदेवाचार्यांभोवतीच्या उरलेल्या मंडळींचे जगणे ‘स्मृतिस्थळा’त नोंदले गेले, म्हणजे गुरूच्या अनुपस्थितीतूनच मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ उभा राहिला. ‘गुरुचरित्रा’तले नृसिंह सरस्वतीही कर्दळीवनाकडे जाताना गाणगापुरात गुप्तरूपाने राहण्याचे आश्वासन देतात. आळंदीत तर क्रम उलटाच आहे: १२९६ मध्ये समाधी घेतली ती शिष्य ज्ञानेश्वरांनी, आणि मागे राहिले ते गुरू निवृत्तिनाथ. मंगाच्या संपादकाला हा क्रम कितपत मानवला असता, हा प्रश्नच आहे.

गुरू गेल्यावर मागे काय उरते आणि शिष्य त्याचे काय करतो, या कसोटीवर मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’मधील (१९९९–२०१४) जिराया हा गुरू वरच्या प्रतीचा ठरतो. तो लढाईत मरतो, परंतु मरताना बेडूक-सहकाऱ्याच्या पाठीवर शत्रूविषयीचा सांकेतिक संदेश कोरून जातो आणि मागे त्याची एक कादंबरी राहते, जिच्या नायकाच्या नावावरून शिष्य नारुतोचे नाव ठेवलेले असते. त्याला मारणारा नागातो हाही त्याचाच जुना शिष्य असल्यामुळे सूड सरळ राहत नाही. एकाच गुरूच्या दोन शिष्यांना समोरासमोर बसून त्याच्या पुस्तकाचा अर्थ लावावा लागतो. म्हाइंभटांचे काम आणि नारुतोचे काम येथे जवळ येते. (नागातोने शेवटी गावातल्या मृतांना परत उठवावे ही मात्र ‘ड्रॅगन बॉल’चीच जुनी खोड.) त्याच कथेत असुमा हा दुसरा गुरू मरतो तेव्हा त्याचा शिष्य शिकामारू याचा सूड लवकर उरकतो; दीर्घ राहते ती गुरूच्या अजून न जन्मलेल्या मुलाला शिकवण्याची जबाबदारी.

अलीकडच्या कथांना हा संकेत शिळा झाल्याची जाणीव आहे. युसेई मात्सुई यांनी ‘असॅसिनेशन क्लासरूम’मध्ये (२०१२–२०१६) शिक्षकाला ठार मारणे हाच वर्गाचा अभ्यासक्रम केला आणि शेवट लपवण्याची गरजच काढून टाकली. कोहेई होरिकोशी यांच्या ‘माय हीरो अकादमिया’त (२०१४–२०२४) नायकाचा गुरू ऑल माइट मरत नाही, तो शक्ती गमावतो आणि हडकलेल्या देहाने वर्गात शिकवत राहतो, जे मृत्यूपेक्षा अधिक अस्वस्थ करणारे आहे. गेगे आकुतामी यांच्या ‘जुजुत्सु कायसेन’मध्ये (२०१८–२०२४) अजिंक्य गुरू गोजोला आधी सुमारे तीन वर्षांच्या प्रकरणांपुरते पेटीत कोंडले जाते आणि मग मारले जाते, पुढे एक शिष्य त्याच्या मृत देहात शिरून लढतो, परंतु शोकाला जेमतेम काही पाने मिळतात. गुरूचे शव हाताशी असूनही अंत्यविधीला वेळ न देणारी ही कथा वेगवान आहे आणि उथळही.

एइचिरो ओदा यांच्या १९९७ पासून चाललेल्या ‘वन पीस’ने मात्र दुसरी रीत निवडली आहे. पहिल्याच प्रकरणात शँक्स हा गुरू लहानग्या नायकाला वाचवताना हात गमावतो, त्याच्या डोक्यावर आपली गवती टोपी ठेवतो आणि जहाजातून निघून जातो; लढण्याची विद्या शिकवणारा रेली पुढे येतो तेव्हा शिक्षणाची दोन वर्षे कथा एका उडीत ओलांडते आणि तोही जिवंत राहतो. एस आणि व्हाइटबिअर्ड मरतात, पण ते भाऊ आणि सेनानी आहेत. शंभराहून अधिक खंड झाले तरी टोपी परत देण्याची भेट झालेली नाही, आणि ती होईल तेव्हा तोलामोलाच्या दोन जिवंत माणसांचे संभाषण ओदा यांना लिहावे लागेल, ज्याचा सराव साप्ताहिक मंगाला फारसा नाही.