‘आपण हरलो’: फुटबॉल-संघांचे मालक, पाठीराखे आणि एक सर्वनाम

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची सर्वनामे दोन आहेत व त्यांतील भेद मराठी मूल शाळेची पायरी चढण्यापूर्वीच आत्मसात करते. ‘आम्ही जेवलो’ ह्या वाक्यात ऐकणारा पंगतीबाहेर असतो. ‘आपण जेवू’ ह्यात त्याचेही पान मांडलेले असते. पहिल्या सर्वनामास व्यावर्तक व दुसऱ्यास समावेशक म्हणावयाचे. संस्कृतात हा भेद नाही, हिंदीत व बंगालीत नाही, इंग्रजीत तर नाहीच. तमिळ, तेलुगू, मल्याळम ह्या द्राविड भाषांत तो आहे, आणि जव्हारच्या डोंगराखालून सुरू होणाऱ्या गुजरातीत ‘अमे’ व ‘आपणे’ अशा रूपांनी तो नांदतो. द्राविड भाषांच्या दीर्घ सहवासातून तो आपल्याकडे रुजला असावा, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. रूप मात्र घरचेच: संस्कृत ‘आत्मन्’, प्राकृत ‘अप्पाण’, मराठी ‘आपण’.

हा पाठ जव्हार येथील वर्गात चालू असता उदाहरणे मागितली, तेव्हा मोखाड्याकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने ‘काल आपण हरलो’ हे वाक्य दिले. हरलेला संघ मँचेस्टर युनायटेड हा होता. वर्ग हसला, परंतु त्या हसण्याला व्याकरणाचा आधार नव्हता. वाक्य निर्दोष होते. ज्याने ते शहर कधी पाहिले नाही अशा मुलाने तेथील संघाचा पराभव स्वतःकडे घेतला होता, आणि ज्यास त्या संघाविषयी काडीचे ममत्व नाही अशा त्याच्या अध्यापकासही त्या पराभवात ओढले होते. समावेशक सर्वनामाची शक्ती ही अशी असते. फुटबॉल-संघांचे मालक व त्यांचे पाठीराखे ह्यांच्यातील संवाद वारंवार का तुटतो, ह्याविषयी अलीकडे जे लिहिले जाते त्यात बहुधा पैशाची, तिकिटांच्या दरांची, मालकांच्या परकेपणाची चर्चा असते. ती योग्यच आहे. परंतु त्या तुटलेपणाचे एक मूळ ह्या सर्वनामात आहे, व ते मराठीत जितके स्पष्ट दिसते तितके इंग्रजीत दिसणार नाही, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम क्रियापदांकडे पाहू. ‘जिंकणे’ व ‘हरणे’ ही सकर्मक असूनही भूतकाळी कर्तरी प्रयोग घेणारी क्रियापदे आहेत: ‘आपण सामना हरलो’. (‘जिंकणे’चा कर्मणी प्रयोगही रूढ आहे, पण कर्ता ‘आपण’ असता तोंडात ‘आपण जिंकलो’ हेच येते.) ह्यातील ‘-लो’ हा प्रत्यय कर्त्याच्या मागे जातो, क्रियापदाच्या अंगावरच आपली खूण उमटते. उलट ‘ठरविणे’, ‘विकणे’, ‘बदलणे’ ही क्रियापदे कर्मणी होतात: ‘आम्ही नाव बदलले’, ‘आम्ही संघ विकला’. येथे क्रियापद नावाच्या वा संघाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. कर्त्याची खूण त्यावर राहत नाही, आणि म्हणून कर्ता गाळणे सोपे होते. ‘नाव बदलण्यात आले आहे’ ही त्यापुढची पायरी. तालुक्याच्या कचेरीबाहेर लावलेली कोणतीही सूचना वाचणाऱ्यास हा प्रयोग परिचित आहे. ‘निर्णय घेण्यात आला आहे’ ह्या वाक्यात निर्णय असतो, घेणे असते, घेणारा नसतो. मराठीने हे प्रयोग फुटबॉलसाठी घडविलेले नाहीत, व ह्या योगायोगावर कोणी सिद्धांत उभारू नये. तथापि एक गोष्ट खरी की, फळ सांगणारी क्रियापदे समावेशक कर्ता सहज स्वीकारतात आणि निर्णय सांगणारी क्रियापदे तो सहज स्वीकारीत नाहीत. मैदानात न उतरलेला मनुष्य ‘आपण जिंकलो’ म्हणाला तर ते खोटे ठरत नाही. ठरविताना जो हजर नव्हता त्यास ‘आपण ठरविले’ असे सांगितले तर ते खोटे ठरते.

मालकांच्या निवेदनांतील दोष नेमका येथे आहे. फळाच्या वाक्यांत ते समावेशक असतात, निर्णयाच्या वाक्यांत व्यावर्तक. आणि इंग्रजीत दोन्हींसाठी एकच सर्वनाम असल्यामुळे हा पालट निवेदनात दिसत नाही. श्रोत्याच्या लक्षात तो येतो, पण उशिरा येतो, व आला म्हणजे फसविले गेल्याच्या भावनेने येतो. १८ एप्रिल २०२१ च्या रविवारी रात्री युरोपातील बारा धनाढ्य संघांनी आपली स्वतंत्र ‘सुपर लीग’ स्थापन केल्याचे जाहीर केले. पाठीराख्यांना कोणी विचारले नव्हते. दोन दिवसांत सहाही इंग्लिश संघ माघारी फिरले. लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री ह्यांनी नंतर जी चित्रित क्षमायाचना केली, तीत दोष एकट्या स्वतःवर घेतला. टीकाकारांनी तिच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेतली. मला तीतील एकवचन महत्त्वाचे वाटते. संकट आल्यावर अनेकवचन गळून पडले, ह्याचा अर्थ ते मुळातच पोकळ होते. मँचेस्टर युनायटेडच्या पाठीराख्यांचा रोष तर १६ वर्षांचा होता. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये तो संघ घेतला तो मुख्यतः कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा बोजा संघावरच टाकला. २ मे २०२१ रोजी लोक मैदानात घुसले व लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. त्यानंतर जून महिन्यात जोएल ग्लेझर पाठीराख्यांच्या प्रतिनिधींसमोर बोलावयास आले. इतक्या वर्षांच्या मौनानंतर काय बोलले ह्यापेक्षा केव्हा बोलले, हेच लोकांनी ऐकले.

आपल्याकडील उदाहरणे अधिक बोलकी आहेत, कारण तेथे रोषाचा गलका फारसा झाला नाही. महिंद्र कंपनीचा संघ १९६२ पासून मुंबईत खेळत होता. महिंद्र युनायटेड ह्या नावाने त्याने २००५-०६ चे राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळविले आणि २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. शालेय मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष वळविण्याचे कारण पुढे करण्यात आले. कारण चांगले होते. पण पाठीराख्याच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, कारण त्याचा प्रश्न ‘का’ असा नसून ‘कोणी’ असा होता. पुण्याची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. २०१४-१५ च्या हंगामात त्या शहरात वरच्या पातळीवर खेळणारे तीन संघ होते: पुणे एफसी, भारत एफसी व एफसी पुणे सिटी. २०१९ पर्यंत एकही उरला नाही. तिसऱ्याचा परवाना हैदराबादच्या नव्या संघाकडे गेला, त्याचे अनेक खेळाडूही गेले; आणि २०२५ मध्ये हैदराबादचा तो संघही नाव बदलून दिल्लीस गेला. परवाना, खेळाडू व भांडवल ह्यांना स्थलांतर करता येते. ‘आपण’ला येत नाही. बालेवाडीच्या मैदानावर ओरडणाऱ्या तरुणाने दिल्लीच्या विजयानंतर ‘आपण जिंकलो’ म्हणावे, अशी अपेक्षा त्या व्यवहारातील कोणी केली असेल असे वाटत नाही. त्याचा विचारच कोणाच्या मनात आला नसावा.

नावाच्या बाबतीत कोलकात्याचे प्रकरण अभ्यसनीय आहे. मोहन बागान हा १८८९ चा क्लब. १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून त्याने आय. एफ. ए. शिल्ड जिंकली, ही घटना बंगालच्या राष्ट्रीय स्मृतीचा भाग आहे. २०२० मध्ये गोएंका उद्योगसमूहाने क्लबच्या फुटबॉल विभागाचा ८० टक्के हिस्सा घेतला व आपल्या आधीच्या संघाची एटीके ही तीन अक्षरे त्याच्या नावाआधी लाविली. तीन वर्षे पाठीराख्यांनी ती अक्षरे काढा म्हणून घोषणा दिल्या. १८ मार्च २०२३ रोजी गोव्यातील फातोर्डा येथे संघाने अंतिम सामना जिंकला आणि त्याच रात्री संजीव गोएंका ह्यांनी नाव बदलत असल्याचे जाहीर केले. आनंदाश्रू आले. परंतु नवे नाव ‘मोहन बागान सुपर जायंट’ असे झाले, आणि ती शेपटी त्याच मालकाच्या लखनौच्या क्रिकेट-संघाच्या नावातून आलेली आहे. उपसर्ग गेला, प्रत्यय आला. ती मागणी ज्यांनी तीन वर्षे केली, त्यांना तिची पूर्तता बक्षीस म्हणून मिळाली.

मराठीत ‘आपण’चा आणखी एक उपयोग आहे. तो द्वितीयपुरुषी आदरार्थी उपयोग: ‘आपण आसनस्थ व्हावे’. एकच शब्द ऐकणाऱ्यास कधी कुशीत घेतो, कधी व्यासपीठासमोरच्या खुर्चीवर बसवितो. संघांची जाहीर भाषा मराठीत आणली तर हा दुसरा ‘आपण’च तीत ठायी ठायी आढळेल: आपण आमची शक्ती आहात, आपल्या पाठिंब्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. अशा वाक्यात नम्रता आहे, पण दोन पक्षही आहेत. ‘पाठीराखा’ ह्या शब्दाचा अर्थ ज्यांच्या कानी नीट पडला आहे त्यांना हे ऋणनिर्देश विनोदी वाटतात. मराठी ओवीत बहिणीचा पाठीराखा तिचा भाऊ असतो, भक्ताचा पाठीराखा विठ्ठल असतो. राखणारा राखलेल्याहून थोर. त्याचे आभार मानून त्यास दाराबाहेर ठेवता येत नाही. ‘मालक’ ह्या शब्दाविषयी तर ह्या भागात अधिक सांगण्याची गरज नाही. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठीविरुद्ध लढा दिला, तेव्हा ज्याच्याविरुद्ध तो होता त्यास हाच शब्द लावीत.

मालक नसला म्हणजे भांडण नसते असे नाही. कोल्हापूरचे संघ पाहावेत: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. नावांतच मंडळी आहे, धनी नाही. पेठेतला मुलगा पेठेसाठी खेळतो व शाहू स्टेडियमवर पेठ त्याच्यासाठी घसा फोडते. तेथे ‘आपण’ इतका दाट असतो की समोरच्या ‘आपण’शी त्याची हाणामारी होते आणि सामने थांबवावे लागतात. मालकाशी संवाद तुटल्याची तक्रार मात्र त्या मैदानावर उद्भवण्यास जागाच नाही.

मग उपाय कोणता? इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला आहे व नाव, रंग, चिन्ह ह्यांसारख्या बाबतींत पाठीराख्यांचे मत घेणे संघांवर बंधनकारक केले आहे. पाऊल स्तुत्य आहे. पण ‘विचारणे’ व ‘ठरविणे’ ही दोन क्रियापदे आहेत, आणि विचारणारा व ठरविणारा एकच राहिला तर उत्तर देणारा श्रोताच राहतो. जर्मनीत सभासदांच्या हाती निम्म्याहून अधिक मते ठेवण्याचा जो नियम आहे, तो ह्या दृष्टीने अधिक व्याकरणशुद्ध म्हणावा लागेल. विम्बल्डनचे उदाहरणही येथे घ्यावे. २००२ मध्ये तो संघ सुमारे ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्स येथे नेण्यास तीन सदस्यांच्या समितीने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली, आणि पाठीराख्यांनी नवा संघ काढणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही असेही नमूद केले. हित कोणाचे, ते वाक्यात नव्हते. पाठीराख्यांनी त्याच वर्षी संघ काढला, नवव्या पायरीपासून खेळविला, आणि २०२० मध्ये प्लाउ लेन ह्या आपल्या जुन्या रस्त्यावर नवे मैदान बांधून परत आणला.

मालकी व ‘आपण’ ह्यांचे सहजीवन अशक्य मात्र नाही, आणि ते पाहण्यासाठी जव्हार-मोखाड्याबाहेर जाण्याचे कारण नाही. बोहाड्यात देवदेवतांची व दैत्यांची सोंगे रात्रभर संबळाच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात नाचतात. अखेरीस जगदंबा येते व महिषासुराचा वध होतो. सोंग घेण्याचा मान घराण्याघराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आलेला असतो व तो दुसऱ्याने घ्यावयाचा नसतो. म्हणजे येथे मालकी आहे, व ती कडक आहे. तरी त्या घराण्यातील मनुष्य ‘हे सोंग आमचे’ म्हणतो आणि त्याच दमात ‘आपला बोहाडा’ म्हणतो. ‘आम्ही’ हा ‘आपण’च्या पोटात असतो. मुखवटा त्याचा आहे. तो घालून कोणासमोर नाचावयाचे हे गावाने ठरविलेले आहे, आणि बघणारा त्या ठरविण्यात होता. हीच सोंगे आता शहरातील रंगमंचावरही निमंत्रणाने जातात. ह्या भागातील कलावंतांना त्यातून चार पैसे व मान मिळतो, ह्याचे दुःख कोणी करू नये. पण तेथील प्रेक्षकाच्या हाती जी छापील पत्रिका पडते, तीत ‘आपण अवश्य उपस्थित राहावे’ असे लिहिलेले असते, आणि तो ‘आपण’ दुसरा आहे.